सिव्हिल कोणाचे?

रत्नागिरीत एखाद्याला 'सिव्हिलला नेलं' असे कळले की ऐकणारा दोन प्रश्न विचारतो. पहिला, 'काय झालं?' आणि दुसरा, 'सिव्हिलला का?' तोच रुग्ण खासगी रुग्णालयात असता, तर दुसरा प्रश्न कोणी विचारला नसता. त्या प्रश्नात गरिबीची शंका असते, थोडी काळजी असते आणि आपल्यावर तिथे जायची वेळ येऊ नये अशी न बोललेली प्रार्थनाही असते. जिल्हा रुग्णालयाचा खर्च आपल्याच करांतून चालतो. तरी त्याच्याबद्दल बोलताना 'आमचं' हा शब्द क्वचितच ऐकू येतो. शाळेबद्दल येतो, देवळाबद्दल येतो, अगदी एसटीबद्दलसुद्धा येतो.

मी डॉक्टर नाही आणि विद्यापीठात शिकवणाराही नाही. रत्नागिरीत राहून जुने अहवाल, गॅझेटियर आणि पाहण्यांचे निष्कर्ष वाचत राहणे हा माझा छंद. गेली काही वर्षे या छंदाला एका प्रश्नाने धरून ठेवले आहे. निरनिराळ्या देशांतली माणसे आपापल्या आरोग्यव्यवस्थेबद्दल काय म्हणतात, आणि ती तसे का म्हणतात? त्या वाचनातून मी पुन्हा पुन्हा आपल्या सिव्हिलपाशी येऊन थांबलो. त्याचा हा हिशेब.

तीन पर्यायांचा प्रश्न

१९८८ ते १९९० या काळात हार्वर्ड विद्यापीठातले प्राध्यापक रॉबर्ट ब्लेंडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दहा देशांतल्या सामान्य लोकांपुढे एकच प्रश्न ठेवला. तुमच्या देशातल्या आरोग्यव्यवस्थेबद्दल कोणते विधान तुम्हाला पटते? एक, ती ठीक चालली आहे, किरकोळ दुरुस्त्या पुरेत. दोन, तिच्यात चांगले बरेच आहे, पण मुळापासून बदल हवेत. तीन, ती इतकी बिघडली आहे की नव्यानेच उभारायला हवी.

'किरकोळ दुरुस्त्या पुरेत' म्हणणाऱ्यांचे प्रमाण कॅनडात ५६ टक्के निघाले, नेदरलँड्समध्ये ४७, जपानमध्ये २९, ब्रिटनमध्ये २७, इटलीत १२ आणि अमेरिकेत अवघे १० टक्के. अमेरिकेचा आकडा कोणाला फारसा खटकला नाही. सर्वाधिक पैसा खर्चूनही कोट्यवधी लोकांना विम्याबाहेर ठेवणारा तो देश. पण जपानचे काय? तिथे १९६१पासून प्रत्येक नागरिकाला आरोग्य विमा आहे आणि जगात सर्वांत दीर्घायुषी लोकांत जपानी माणसे मोडतात. तरी निम्म्याहून अधिक लोक म्हणतात की मोठे बदल हवेत.

पुढे २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने देशांच्या आरोग्यव्यवस्थांची क्रमवारी लावली. फ्रान्स पहिला, इटली दुसरा, जपान दहावा, ब्रिटन अठरावा, कॅनडा तिसावा, अमेरिका सदतिसावी आणि भारत एकशे बारावा. या क्रमवारीच्या पद्धतीवर इतकी टीका झाली की संघटनेने तशी यादी पुन्हा काढली नाही. ब्लेंडन यांनी ही यादी आणि लोकांची मते शेजारी ठेवून पाहिली, तर दोहोंचा मेळ बसेना. तज्ज्ञांनी दुसरा क्रमांक दिलेल्या इटलीत लोक वैतागलेले होते, आणि तिसाव्या क्रमांकाच्या कॅनडात लोक खूश होते.

यावरून लोकांना काही कळत नाही असा निष्कर्ष काढणे सोपे आहे, पण तो चुकीचा ठरेल. लोक उत्तर देतात ते आयुर्मानाच्या तक्त्यावरून देत नाहीत. आपल्याला काय मिळायला हवे होते आणि काय मिळाले, यांतले अंतर ते सांगत असतात. जपानी माणसाची अपेक्षा मोठी, म्हणून त्याचे असमाधानही मोठे. उलट, ज्याने काही अपेक्षाच ठेवलेली नाही, त्याच्या समाधानाला फारसा अर्थ नसतो.

हाच तीन पर्यायांचा प्रश्न मी रत्नागिरीत ओळखीच्या माणसांना विचारून पाहिला. ती काही शास्त्रीय पाहणी नव्हती. पण एक गोष्ट वारंवार घडली. लोकांना प्रश्नातला 'व्यवस्था' हा शब्दच अडायचा. 'व्यवस्था म्हणजे कुठली? आमचे डॉक्टर चांगले आहेत,' असे कोणी म्हणे. दुसरा एखादा आपल्या डॉक्टरांचे नाव सांगे, त्यांच्या हातगुणाचे किस्से सांगे. आपल्याकडे माणसे डॉक्टरला ओळखतात, केमिस्टला ओळखतात. या सगळ्यांना जोडणारी आणि आपल्याला उत्तर देणे लागणारी एखादी गोष्ट आहे, ही कल्पनाच मनात रुजलेली नाही. इंग्रज माणसाला ती आईच्या दुधाबरोबर मिळते.

नावे ठेवणारे आणि सोडून न जाणारे

ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्य सेवा ५ जुलै १९४८ रोजी सुरू झाली. उपचारांच्या वेळी पैसे द्यायचे नाहीत, खर्च करांतून होणार, आणि सेवा सर्वांसाठी, हे तिचे तीन आधार. तिथे १९८३पासून 'ब्रिटिश सोशल अ‍ॅटिट्यूड्स' नावाची पाहणी होत आली आहे. १९९७ साली या सेवेबद्दल समाधानी असलेले लोक ३४ टक्के होते. नंतरच्या वर्षांत सरकारने पैसा वाढवला, शस्त्रक्रियांसाठीची प्रतीक्षा कमी झाली आणि २०१० साली समाधान ७० टक्क्यांवर पोहोचले. मग हात आखडते झाले, करोना आला, आणि इंग्लंडमध्ये नियोजित उपचारांसाठीची प्रतीक्षायादी २०२३ साली ७७ लाखांच्या घरात गेली. २०२४च्या पाहणीत समाधानी लोक उरले फक्त २१ टक्के. एकाच देशात वर्षावर्षाची तुलना केली की लोकमत वस्तुस्थितीच्या मागोमाग चालते, हे इथे स्वच्छ दिसते.

पण याच पाहणीत आणखी एक प्रश्न असतो. ही सेवा उपचारांच्या वेळी मोफत असावी का? याला आजही दहांतले नऊ जण 'हो' म्हणतात. म्हणजे पाचांतले चार जण सेवेवर समाधानी नाहीत, आणि तरीही दहांतल्या नऊ जणांना तिचे मूळ तत्त्व सोडायचे नाही.

माझ्या ओळखीचे एक मूळचे रत्नागिरीकर गृहस्थ तीस वर्षे इंग्लंडमध्ये आहेत. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी त्यांना वर्षाहून अधिक काळ थांबावे लागले. फोनवर त्यांनी मला अर्धा तास तक्रारी ऐकवल्या. मी सहज म्हटले, 'मग विम्यावर खासगीत का नाही करून घेतलं? ती सेवा बंद करून सगळं विम्यावर सोडलं तर बरं नाही का होणार?' त्यावर ते जवळजवळ रागावलेच. 'तसं कसं? ती आमची आहे,' म्हणाले. शिव्या आणि मालकी एकाच तोंडातून येत होत्या, आणि त्यात त्यांना काही विसंगत वाटत नव्हते. २०१२च्या लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनात त्या देशाने जगाला काय दाखवले, ते आठवावे. परिचारिका आणि रुग्णालयाच्या खाटा मैदानात आणल्या होत्या. आपण आपल्या सोहळ्यात प्राथमिक आरोग्य केंद्राचा चित्ररथ कौतुकाने काढू का, हा विचार माझ्या मनात तेव्हाही आला होता.

कॅनडातही असेच. १९८८च्या ५६ टक्क्यांवरून दहा वर्षांत, म्हणजे १९९८ साली, समाधानी लोक २० टक्क्यांवर आले, कारण मधल्या काळात केंद्र सरकारने प्रांतांना देण्याचा पैसा कमी केला होता. तरी २००४ साली तिथल्या सरकारी दूरचित्रवाणीने 'सर्वांत थोर कॅनेडियन' कोण, असा कौल घेतला, तेव्हा लोकांनी निवडले टॉमी डग्लस यांना. हे सास्काचेवान प्रांताचे माजी पंतप्रधान. लहानपणी त्यांच्या पायाच्या हाडाला संसर्ग झाला आणि घरात पैसे नसल्यामुळे पाय कापायची वेळ आली. एका शल्यचिकित्सकाने विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी म्हणून फुकट शस्त्रक्रिया केली आणि पाय वाचला. मुलाचा पाय दयेवर का अवलंबून असावा, हा प्रश्न डग्लस यांनी पुढे राजकारणात नेला. १९६२ साली त्यांच्या प्रांतात सार्वजनिक आरोग्य विमा लागू झाला, तेव्हा डॉक्टरांनी तेवीस दिवसांचा संप केला. तो मिटला, आणि काही वर्षांत सारा देश त्या वाटेने गेला.

थायलंडचे उदाहरण आपल्याला अधिक जवळचे. तो श्रीमंत देश नव्हे. तिथे २००१-०२मध्ये तीस बाटमध्ये उपचार देणारी योजना आली. २००६ साली लष्कराने ते सरकार उलथवले, पण योजनेला हात लावला नाही. उलट तीस बाटचे शुल्कही काढून टाकले. लोकांनी एखादी गोष्ट एकदा आपली मानली की बंदूकधाऱ्यालाही ती काढून घेणे जड जाते.

अमेरिकेत चित्र उलटे दिसते. तिथे स्वतःला मिळणाऱ्या उपचारांबद्दल विचारले की बहुतेक जण 'चांगले' म्हणतात, आणि देशाच्या व्यवस्थेबद्दल विचारले की नाके मुरडतात. डिसेंबर २०२४मध्ये एका बड्या आरोग्य विमा कंपनीच्या प्रमुखाची न्यूयॉर्कमध्ये हत्या झाली, तेव्हा असंख्य लोकांनी दुःखाऐवजी विमा कंपन्यांवरचा संतापच व्यक्त केला. हे पाहून मन विषण्ण होते, पण त्यामागचे कारण समजते. ज्या यंत्रणेकडे दाद मागता येत नाही, तिच्याबद्दल प्रेम उरत नाही.

आवाज आणि काढता पाय

या साऱ्याची सांगड मला एका जुन्या पुस्तकाने घालून दिली. अर्थशास्त्रज्ञ आल्बर्ट हर्शमन यांचे 'एक्झिट, व्हॉइस अँड लॉयल्टी' हे पुस्तक १९७० साली आले. एखाद्या संस्थेचे काम घसरू लागले की माणूस दोन गोष्टी करू शकतो. एक, आवाज उठवणे. दोन, काढता पाय घेणे. हर्शमन यांना हे सुचले ते नायजेरियाच्या रेल्वेवरून. मालवाहतुकीसाठी ट्रक आले, तर स्पर्धेमुळे रेल्वे सुधारेल असे वाटले होते. घडले भलतेच. ज्यांचा माल मोलाचा, ज्यांच्या तक्रारीची दखल घ्यावीच लागली असती, तेच व्यापारी आधी ट्रककडे गेले. मागे उरलेल्यांचा आवाज क्षीण होता. रेल्वे आणखी घसरली, आणि तिला कोणी विचारीनासे झाले.

आता रेल्वेच्या जागी सरकारी दवाखाना ठेवून पाहावे. ब्रिटनमध्ये ओरड मोठी आहे, कारण शाळामास्तर, वकील, पत्रकार, खासदार हे सगळे त्याच रांगेत उभे आहेत. आपल्याकडे शाळामास्तर आणि वकील रांगेतून केव्हाच बाहेर पडले. रांगेत जे उरले त्यांना ओरडणे परवडत नाही.

पाहण्यांतले प्रश्नही हेच सांगतात. ब्रिटनमध्ये विचारतात, 'तुम्ही समाधानी आहात का?' आपल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत विचारतात, 'घरात कोणी आजारी पडले तर साधारणपणे कुठे जाता?' आणि सरकारी ठिकाणी जात नसाल, तर 'का जात नाही?' २०१५-१६च्या पाहणीत सुमारे ५५ टक्के कुटुंबांनी आपण सरकारी ठिकाणी जात नसल्याचे सांगितले. २०१९-२१मध्ये हे प्रमाण निम्म्यावर आले. कारणे तीच तीच: उपचारांचा दर्जा बरा नाही, फार वेळ थांबावे लागते, जवळ दवाखाना नाही. ब्रिटनमधले उत्तर आवाजाचे आहे, आपले उत्तर पायांचे आहे.

काढता पाय मात्र फुकट नसतो. २०१७-१८च्या राष्ट्रीय नमुना पाहणीनुसार देशाच्या ग्रामीण भागात एकदा रुग्णालयात दाखल होण्याचा सरासरी वैद्यकीय खर्च सरकारी रुग्णालयात सुमारे ४,३०० रुपये होता आणि खासगीत सुमारे २७,३०० रुपये. सहापट. देशातल्या एकूण आरोग्यखर्चात लोकांनी थेट खिशातून भरलेल्या पैशाचा वाटा २००४-०५मध्ये ६९ टक्के होता. २०२१-२२मध्ये तो ३९ टक्क्यांवर आल्याचे सरकारी हिशेब सांगतात. घट मोठी आहे. पण आजारपणात गहाण पडलेली पाटली आणि विकलेली कलमांची बाग कोकणातल्या कुठल्याही वाडीत आजही सापडते.

नाशिकचा भोर, रंगपूरचा बेव्हरिज

आपल्याकडे अशी सेवा कोणी मनात आणलीच नव्हती, असे नाही. ब्रिटनच्या सेवेचा पाया घालणारा अहवाल सर विल्यम बेव्हरिज यांनी डिसेंबर १९४२मध्ये दिला. हे बेव्हरिज जन्मले बंगालमधल्या रंगपूरला. त्यानंतर वर्षभरात, ऑक्टोबर १९४३मध्ये, हिंदुस्थान सरकारने आरोग्यविषयक एक समिती नेमली. तिचे अध्यक्ष सर जोसेफ भोर हे जन्माने नाशिकचे आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे विद्यार्थी. १९४६ साली आलेल्या भोर अहवालाचे मूळ सूत्र होते की पैसे नाहीत म्हणून कोणीही उपचारांपासून वंचित राहू नये. दीर्घकालीन आराखड्यात दहा ते वीस हजार वस्तीमागे पंचाहत्तर खाटांचे प्राथमिक केंद्र सुचवले होते.

प्रत्यक्षात पहिली प्राथमिक आरोग्य केंद्रे २ ऑक्टोबर १९५२ रोजी सुरू झालेल्या समुदाय विकास कार्यक्रमातून आली. आजचा निकष सपाट प्रदेशात तीस हजार आणि डोंगराळ भागात वीस हजार लोकांमागे एक केंद्र असा आहे, आणि त्यात खाटा साधारण सहा. पंचाहत्तरचे सहा झाले. शिवाय सार्वजनिक आरोग्य हा घटनेनुसार राज्यांचा विषय. त्यामुळे 'राष्ट्रीय सेवा' म्हणून ज्याकडे बोट दाखवावे असे आपल्याकडे काही उभेच राहिले नाही.

खाटांच्या कमतरतेने अविश्वासाचा अर्धाच भाग उलगडतो. दुसरा अर्धा आठवणींत आहे. महाराष्ट्रात सरकार आरोग्याच्या नावाने प्रथम दारात आले ते १८९७च्या प्लेगमध्ये, सोजिरांना घेऊन. घराघरांतून रुग्ण ओढून नेले गेले, लोकांनी रुग्ण लपवले, आणि त्याची परिणती पुण्यात रँडच्या खुनात झाली. लोकमान्यांनी प्लेगसाठी वेगळे हिंदू रुग्णालय काढले, यामागेही सरकारी रुग्णालयाबद्दलची भीती होती. पुढे आणीबाणीत नसबंदीची उद्दिष्टे आली. १९७६ साली महाराष्ट्र विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयक संमत केले होते. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्यामुळे तो कायदा झाला नाही. पण 'दवाखान्याची माणसं आली की ऑपरेशनला नेतात' ही धास्ती गावोगाव राहिली. ब्रिटिश माणसाला त्याची सेवा युद्धानंतरचे बक्षीस म्हणून मिळाली. आपल्याला ती बराच काळ सरकारच्या गरजेपोटी आली.

कोकणी माणसाची वाटणी

असे असूनही कोकणी माणूस सरकारी दवाखान्याला सरसकट नाकारतो, हे म्हणणे खरे नाही. तो आजारांची वाटणी करतो. ताप, खोकला, पोटदुखी यांना खासगी. बाळाच्या लसीला सरकारी, कारण तिथे आशाताई आणि सिस्टर स्वतः बोलवायला येतात. क्षयाच्या गोळ्यांना सरकारी. आणि साप चावला तर डोळे झाकून सरकारी, कारण सर्पदंशावरची लस तिथे मिळते, हे वाडीतल्या लहान मुलालाही ठाऊक असते.

विंचवाची गोष्ट तर कोकणाने अभिमानाने सांगावी अशी. डॉ. हिंमतराव बावस्कर हे महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी होते. लाल विंचवाच्या दंशाने माणसे डोळ्यांदेखत जात होती. त्यांनी रात्र रात्र रुग्णांशेजारी बसून नोंदी ठेवल्या, प्रॅझोसिन हे रक्तदाबावरचे औषध वापरून पाहिले, आणि मृत्यूंचे प्रमाण कमालीचे खाली आणले. 'लॅन्सेट'मध्ये हे काम छापून आले, पुढे त्यांना पद्मश्री मिळाली. जगभर वापरली गेलेली ही उपचारपद्धती कोकणातल्या साध्या सरकारी दवाखान्यातून निघाली. विश्वास कसा मिळतो, याचे याहून चांगले उदाहरण माझ्यापाशी नाही. तो इमारतीने मिळत नाही. मध्यरात्री डॉक्टर जागेवर असला आणि माणूस वाचला की मिळतो.

दुसरे उदाहरण दक्षिणेचे. सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग, सावंतवाडी भागातली माणसे पिढ्यान्‌पिढ्या मोठ्या आजाराला गोव्यात बांबोळीला जातात. १८४२ साली पोर्तुगीजांनी स्थापन केलेल्या वैद्यकीय शाळेची परंपरा सांगणारे हे रुग्णालय. जानेवारी २०१८पासून गोवा सरकारने बाहेरच्या रुग्णांना शुल्क लावले, तेव्हा सिंधुदुर्गात आंदोलने झाली. खरे तर दुसऱ्या राज्याचे रुग्णालय. कायद्याने आपला काय हक्क? पण लोकांनी ते मनाने आपले मानले होते. आपल्याच जिल्ह्यातल्या रुग्णालयासाठी न उठलेला आवाज बांबोळीसाठी उठला, कारण तिथून काढता पाय घ्यायला दुसरी जागा नव्हती.

तिसरे, परळचे केईएम. १९२६ साली सुरू झालेले, फक्त भारतीय डॉक्टरांनी चालवायचे या अटीवर उभारलेले महापालिकेचे रुग्णालय. आजूबाजूच्या चाळींतून राहणाऱ्या गिरणी कामगारांत कोकणातली माणसे बहुसंख्य. गर्दी, जमिनीवर घातलेल्या गाद्या, तासन्‌तास रांग, हे सगळे तिथेही होते आणि आहे. तरी 'आमचं केईएम' हा शब्दप्रयोग मी कितीतरी चाकरमान्यांच्या तोंडून ऐकला आहे. मुंबईतले नामांकित डॉक्टर तिथे शिकवतात, आणि गिरणी कामगाराला तोच हात लागतो जो शेठजीला लागतो, ही खात्री त्या शब्दामागे आहे.

मागे राहिलेल्यांचा आवाज

आवाज उठवायला शिकवताही येते. महाराष्ट्रात २००७पासून राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात 'लोकाधारित देखरेख व नियोजन' नावाचा उपक्रम झाला. अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद, पुणे आणि ठाणे या पाच जिल्ह्यांत त्याची सुरुवात झाली. पुण्याची 'साथी' संस्था समन्वयाला होती. गावातल्या लोकांनी एकत्र बसून दवाखान्याचे प्रगतिपुस्तक भरायचे. डॉक्टर असतात का, औषधे बाहेरून आणायला लावतात का, नर्सबाई येतात का. चांगल्याला हिरवा रंग, मधल्याला पिवळा, वाइटाला लाल. मग जनसुनवाई. डॉक्टर, तालुक्याचे अधिकारी आणि गावकरी समोरासमोर. पुढच्या फेऱ्यांत हिरवे शेरे वाढत गेले.

मला यात महत्त्वाचे वाटते ते दुसरेच. जनसुनवाईत डॉक्टरांनाही बोलता आले. औषधांचा पुरवठा वरूनच येत नाही, पदे रिकामी आहेत, एक डॉक्टर दोन केंद्रे सांभाळतो, हे गावाने प्रथमच ऐकले. तोवर गावाला वाटे की डॉक्टर कामचुकार, आणि डॉक्टरला वाटे की गाव कृतघ्न. 'गरज सरो, वैद्य मरो' ही म्हण आपण रुग्णाच्या कृतघ्नपणाला लावतो. पण ज्या समाजाला गरजेपुरताच दवाखाना आठवतो, त्या समाजाचा दवाखाना मरतच जातो, असाही तिचा अर्थ घेता येईल.

आजचा प्रश्न

गेल्या काही वर्षांत आपल्याकडे तीन गोष्टी घडल्या आहेत. २०१२ साली आठ जिल्ह्यांत सुरू झालेली जीवनदायी योजना पुढे महात्मा फुल्यांच्या नावाने राज्यभर पसरली. २०२३च्या निर्णयाने ती सर्व रेशनकार्डधारकांसाठी खुली झाली आणि संरक्षण कुटुंबामागे पाच लाखांवर गेले. १५ ऑगस्ट २०२३पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले. आणि त्याच वर्षी रत्नागिरीत शंभर जागांचे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले.

या तिन्हींची दिशा एक नाही. योजनेचे कार्ड गरिबालाही काढता पाय घेण्याची सोय देते. ज्या शेतमजुराच्या हृदयाची शस्त्रक्रिया कार्डावर झाली, त्याच्या घरी जाऊन या सोयीला कोणी नावे ठेवू नयेत. पण कार्ड चालते दाखल झाल्यावर, ठरलेल्या उपचारांसाठी, यादीतल्या रुग्णालयात. रोजची रक्तदाबाची गोळी, साखरेची तपासणी, लेकराचा ताप त्यात येत नाही. आणि मंडणगडच्या किंवा संगमेश्वरच्या डोंगरकुशीतल्या वाडीत पावसाळ्याच्या रात्री फुरसे चावले, तर खिशातले कार्ड काय करणार? तिथे प्राथमिक आरोग्य केंद्राचा दिवा लागलेला हवा आणि डॉक्टर हजर हवा. सगळ्यांनी काढता पाय घेतला तर तो दिवा चालू ठेवा असे म्हणायला कोण उरेल?

वैद्यकीय महाविद्यालय मात्र उलट्या दिशेला नेऊ शकते. कोल्हापूर घाटापलीकडे सव्वाशे किलोमीटरवर, मुंबई साडेतीनशेच्या आसपास. इतकी वर्षे 'पुढे न्या' हेच रत्नागिरीतल्या गंभीर रुग्णाचे भविष्य होते. शिकवणारे रुग्णालय इथेच उभे राहिले, प्राध्यापकांच्या जागा भरल्या गेल्या, आणि शहरातला वकील आणि मिरकरवाड्यातला खलाशी एकाच केसपेपरच्या रांगेत दिसू लागले, तर केईएमचे थोडेसे पाणी इथेही लागेल. पण ते आपोआप होणार नाही. नियमाप्रमाणे ग्रामीण रुग्णालयांना आणि आरोग्य केंद्रांना रुग्ण कल्याण समित्या असतात. त्यांत कोण आहे, शेवटची बैठक कधी झाली, रिकाम्या पदांचा पाठपुरावा कोणी केला, हे विचारण्यासाठी डॉक्टर असावे लागत नाही. आपण स्वतः खासगीत जात असलो तरी विचारता येते. कर तर आपणही भरतो.

जगभरच्या पाहण्या वाचून मी एक गोष्ट शिकलो. लोक आपल्या आरोग्यसेवेबद्दल किती तक्रार करतात, यावरून ती किती वाईट आहे हे कळत नाही. ती त्यांची किती आहे, हे मात्र कळते. उद्या रत्नागिरीच्या वर्तमानपत्रांत सिव्हिलबद्दलच्या पत्रांचा पाऊस पडू लागला, आणि ती पत्रे लिहिणारे स्वतः तिथे उपचार घेणारे असले, तर तिथल्या डॉक्टरांनी वाईट वाटून घेऊ नये. ती मी चांगली खूण मानीन.